एक समाधानी ग्राहक पाहिजे

आमच्या गावात ज्याच्या नळाला पाणी येतं तो माणूस ते कबूल करत नाही. पोरांनासुद्धा बजावून ठेवतो, "बाहेर कुणी विचारलं तर नाही म्हणायचं." यामागे पुष्कळ विचार आहे. येतं म्हटलं की शेजारी बादली घेऊन दारात उभे राहतात. खात्याच्या कानावर गेलं तर खातं म्हणतं, यांना जास्त झालंय, जरा चावी आवळा. त्यामुळे ज्यांच्याकडे पाणी नाही ते ओरडतात, आणि ज्यांच्याकडे आहे ते त्यांच्याहून मोठ्याने ओरडतात. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण पाणीपुरवठा खात्याचा जनसंपर्क अधिकारी मीच आहे.

माझं काम लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. सकाळी वर्तमानपत्रं चाळायची, खात्याविरुद्ध आलेलं कापून मोठ्या साहेबांपुढे ठेवायचं आणि दुपारपर्यंत त्याचा खुलासा लिहायचा. पाणी आलं नाही असं छापून आलं, तर 'सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही.' पाणी आलं पण गढूळ आलं असं छापून आलं, तर 'पुरवठा नियमित असल्याचे या वृत्तावरूनच स्पष्ट होते.' हे दुसरं वाक्य माझं स्वतःचं आहे आणि आसपासच्या खात्यांनी ते न विचारता उचललेलं आहे. पत्रकार परिषदेत चहाबरोबर कुठली बिस्किटं ठेवायची हेही मीच ठरवतो. साधी ठेवली तर बातमी आतल्या पानावर जाते. भारीतली ठेवली तर पहिल्या पानावर येते, पण त्यांचे पुडे खिशात जातात आणि परिषदेत खायला काही उरत नाही. असा सगळा तोल सांभाळावा लागतो.

तर एक दिवस मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. परदेशातून पाहुणे येणार होते. गावात नवे नळ टाकायला मदत द्यायची की नाही, हे ते ठरवणार होते.

"मदत हवी तर आपलं काम उत्तम चाललंय हे दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले.

"पण साहेब, काम उत्तम चाललं असेल तर मदत कशाला, असं विचारतील ते."

"तो प्रश्न तुम्ही विचारू नका. त्यांनी विचारला तर उत्तर तयार ठेवा. आणि एक झकास माहितीपत्रक काढा. त्यात एक समाधानी ग्राहक पाहिजे. फोटोसकट. आणि हो, खरा पाहिजे. हे पाहुणे लोक फार संशयी असतात, पत्ता विचारतात."

"एक कशाला साहेब, चांगले चार टाकू," असं मी म्हणालो. माणसाने इतकं मोठं तोंड करून बोलू नये, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

खात्याचा फोटोवाला बरोबर घेऊन मी निघालो. पहिल्याच घराच्या बंद दारामागे पाण्याची धार पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मी कडी वाजवली. धार बंद झाली. दार बोटभर उघडलं.

"पाणी छान येतं वाटतं?" मी शक्य तितक्या प्रेमाने विचारलं.

"छे! कुठलं पाणी?"

"आत्ता आवाज येत होता."

"रेडिओ होता. नाटक चाललंय. त्यात नदी आहे," एवढं सांगून त्या गृहस्थांनी दार लावलं. ओले हात पुसायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

पुढचे एक म्हातारेबुवा ऐकून तरी घेत होते. सगळं ऐकून म्हणाले, "वर्तमानपत्रात फोटो दोघांचाच येतो. मेलेल्याचा आणि पळून गेलेल्याचा. यातला मी कोण ते आधी सांग." कापडदुकानदाराने खुर्ची दिली, पण फोटो काढला की कर वाढणार हे त्याने कुठूनतरी ऐकून ठेवलं होतं. एक बाई मात्र लगेच तयार झाल्या. केस विंचरून आल्या, उजेडात उभ्या राहिल्या, फोटोवाल्याने काच पुसली, आणि मग त्या म्हणाल्या, "आता नळ कधी जोडताय? नळ जोडा, की झालेच मी समाधानी."

"साहेब, हसरं माणूसच पाहिजे ना?" फोटोवाला परतताना म्हणाला. "माझ्या दुकानात हसरी माणसं पुष्कळ आहेत. पत्ते तेवढे नाहीत." तोंडात विडी आणि गळ्यात कॅमेरा असलेल्या या माणसाला कशाचीच काळजी नव्हती. पत्रक छपाईला जायची वेळ आली आणि माझ्याकडे मुबलक पाण्याचे आकडे होते, धरणाचं छायाचित्र होतं, साहेबांचं त्याहून मोठं छायाचित्र होतं, पण ग्राहक नव्हता.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्या स्वतःच्या घरी पाणी येत नव्हतं. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं आणि गल्लीत कुणाला पटत नव्हतं. आमची गल्ली टँकरवर जगत होती. टँकर आला की जो पाईप हातात धरतो, त्याच्या मनात असेल तसं पाणी वाटलं जातं. तेव्हा पाईप कुणी धरायचा यावरून पूर्वी डोकी फुटली होती. शेवटी सगळ्या गल्लीने मिळून तो पाईप माझ्या बायकोच्या हातात दिला. कारण एकच, ती आमची पिंपं सगळ्यांत शेवटी भरायची. पुष्कळदा तोवर टँकर संपायचा. खात्याच्या माणसाची बायको असून गल्लीने तिच्यावर विश्वास टाकला होता, आणि या गोष्टीचा तिला किती अभिमान होता हे ती बोलून दाखवत नसली तरी पाईप धरताना तिच्या खांद्यांवरून कळायचं.

त्या दिवशी फोटोवाला आधीचे फोटो द्यायला घरी आला आणि नेमका टँकर आला. ही पाईप घेऊन उभी. मी दोन भरल्या बादल्या घेऊन अधिकाऱ्याला शोभेल अशा चालीने निघालो, आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, चिखलात फतकल मारून बसलो. दोन्ही बादल्या माझ्या अंगावर. गल्ली हसली त्याचं काही नाही. पण ही हसली. हातात पाण्याची जाड धार, डोकं मागे टाकलेलं, अगदी मनापासून. कॅमेरा गळ्यात असलेला माणूस अशा वेळी स्वस्थ बसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो माझ्यापुढे ठेवला. त्याने कात्री चालवून टँकर कापला होता, चिखल कापला होता आणि मलाही कापलं होतं. राहिलं होतं ते निव्वळ समाधान. धार दिसत होती, बादली दिसत होती, आणि खात्याच्या इतिहासात कुणी पाण्याकडे बघून हसलं नसेल तशी एक बाई हसत होती. मी तो पत्रकाच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, लहानसा टाकला. खाली लिहिलं, 'मला रोज पाणी मिळते. मी समाधानी आहे.' बायकोला विचारलं नाही. आमच्या खात्याचं पत्रक कुणी वाचत नाही, याबद्दल माझा धंद्यातला आत्मविश्वास दांडगा होता.

मोठ्या साहेबांना तो फोटो इतका आवडला की पत्रक बाजूलाच राहिलं आणि मुख्य चौकात फलक उभा राहिला. घराएवढा.

बायको भाजी आणायला गेली होती ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. पिशवी खुंटीला लावली. म्हणाली, "चौकात मी आहे."

"म्हणजे?" मी विचारलं. माणसाला सगळं कळलं की तो आधी हाच प्रश्न विचारतो.

"मला रोज पाणी मिळतं. मी समाधानी आहे."

"अगं, ते तसं पाहायला गेलं तर..."

"खुलासा नकोय मला. तुम्ही पडलात म्हणून मी हसले होते. किती दिवसांनी हसले होते. तेवढं एक हसणं माझं होतं, तेही तुम्ही खात्यात जमा केलंत." मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटताना असंही वाटलं, की फलक निदान उतरवता येईल का, ते कुणाला विचारावं? तर कळलं की फलक लावायचा अधिकार माझा, उतरवायचा बांधकाम विभागाचा, आणि बांधकाम विभाग तो जुना झाल्याशिवाय उतरवू शकत नाही.

पुढच्या टँकरला ही नेहमीप्रमाणे पाईपकडे गेली. आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात. हिची आणि त्यांची अगदी घट्ट मैत्री. त्यांनीच पाईप अलगद हिच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या ताई. तुम्हाला कशाला त्रास? तुमच्याकडे रोज येतं."

ही तशीच मागे फिरली. घरी येऊन रिकामी पिंपं पुसत बसली. रिकामी पिंपं पुसणाऱ्या बायकोशी काय बोलावं, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

आता गल्लीत शोध सुरू झाला. पाणी येतं ते येतं कुठून? या कामाचं पुढारपण समोरच्या घरातल्या निवृत्त तपासनीसांनी घेतलं. त्यांना सगळे शंकासुर म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. सूर्य उगवला तरी ते आधी घड्याळ बघतात. त्यांनी आमच्या भिंतींवर चमच्याने ठोकून पाहिलं, कान लावले, आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात फरशी पोकळ वाजते असा निकाल दिला. "फोडू का?" त्यांनी विचारलं.

"फोडा," बायको म्हणाली. "पाणी सापडलं तर मलाही सांगा."

फरशी फोडली. खाली खरोखरच एक पाईप निघाला! कुठल्यातरी जुन्या काळातला, गंजलेला, दोन्ही टोकांना काही नसलेला. शंकासुरांनी त्याला तोंड लावून ओढलं. तोंडात गंज आला. "हवा येतेय," ते थुंकत म्हणाले, "हवा आली म्हणजे मागून पाणी असणारच." तेव्हापासून आमच्या न्हाणीघरावर आळीपाळीने पहारा बसला. आंघोळ ही आमच्याकडे आधीच क्वचित होणारी गोष्ट. आता तीही परवानगी काढून करावी लागली.

ही मग स्वतःच खात्यात गेली. आमच्या नळाला पाणी येत नसल्याची तक्रार तिने केव्हाच, माझं नाव न घालता, केलेली होती. तक्रारखिडकीवरच्या कारकुनाच्या टेबलाला काच होती आणि काचेखाली माझं पत्रक. त्याने काचेकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग पुन्हा काचेकडे.

"बाई, तुम्ही तर समाधानी आहात."

"मी नाहीये."

"या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग?" त्याने तक्रार निकाली काढली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पण कारकून कामाला चोख. त्याने वर कळवलं, की या गल्लीत समाधानी ग्राहक असून तिथे टँकर जातो हे कसं? वरून ताबडतोब हुकूम आला आणि गल्लीचा टँकर बंद झाला.

त्या दिवसानंतर गल्लीतून चालणं मला अवघड झालं. कुणी शिवी देत नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी येताना दिसलो की लोक बोलणं थांबवत आणि मी पुढे गेलो की पुन्हा सुरू करत. बायका दूरच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. ही त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून जायची आणि तशीच यायची. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

अशा वेळी मोठ्या साहेबांनी मला बोलावून पेढा हातात ठेवावा तशी बातमी दिली. "पाहुण्यांना फलक फार आवडला. त्यांना त्या बाईंना घरी जाऊन भेटायचंय. कोण हो त्या? ओळखता?"

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.

"मग झालं तर! त्यांना उत्तरं पढवून ठेवा. त्या गल्लीची चावी सकाळीच उघडायला सांगतो. पाहुण्यांची भाषा तुम्हालाच येते, तेव्हा दुभाषे तुम्हीच." पाहुण्यांची भाषा खात्यात खरोखर मलाच येते. खात्याने मला ती शिकायला पाठवलं होतं. 'उपाययोजना प्रगतिपथावर आहेत' हे मी त्या भाषेत झोपेतही म्हणू शकतो.

साहेबांनी दिलेला उत्तरांचा कागद मी भीतभीत बायकोपुढे ठेवला. पाणी येतं का? रोज. कसं येतं? मुबलक. खात्याबद्दल काय वाटतं? कृतज्ञता. ती फाडून टाकेल असं मला वाटलं होतं. तिने तो वाचला आणि म्हणाली, "बरं."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही पहिल्या फटक्यात 'बरं' म्हणाली असं कधी घडलेलं नाही. मला तेव्हापासून धसका बसला. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता उत्तरं पाठ म्हणायची, एकही चूक न करता, आणि मला दरदरून घाम फुटायचा.

पाहुणे यायच्या दिवशी गल्ली ओळखू येत नव्हती. खड्डे बुजले होते, भिंतींना पहाटेच रंग दिला होता आणि कुत्री कुठेतरी नेऊन सोडली होती. चावीवाला गल्लीच्या तोंडाशी लोखंडी दांडा घेऊन बसला होता. आमचा नळ आधी खोकला, मग त्याने तपकिरी काहीतरी ओकलं, आणि मग स्वच्छ धार लागली. शिवणवाल्या वहिनी, शंकासुर आणि सगळी गल्ली दारात आणि जिन्यात उभी होती. धार बघून एकमेकांना कोपराने ढोसत होती. "बघा, मी म्हणत नव्हतो?" शंकासुर म्हणाले.

पाहुण्यांच्या प्रमुख एक उंच, पिकल्या केसांच्या बाई होत्या. पायांत जाड बूट. येताना त्यांनी भिंतीवरून सहज बोट फिरवलं आणि बोटाला लागलेल्या ओल्या रंगाकडे बराच वेळ बघितलं. मग रुमाल काढला. मला तेव्हाच कळलं, की ही बाई आमच्या शंकासुरांची सख्खी बहीण शोभेल.

त्यांनी विचारलं आणि मी बायकोला सांगितलं, "विचारतायत, पाणी रोज येतं का?"

"नाही," बायको म्हणाली.

मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"आज आलंय ते तुम्ही येणार म्हणून," ती त्या बाईंकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाली. "तुम्ही गेलात की जाईल. फोटोत दिसतंय ते टँकरचं पाणी आहे. टँकर कापून टाकलाय. आणि मी हसत होते ते पाणी बघून नव्हे. आमचे हे चिखलात पडले म्हणून हसत होते." इथे तिने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडओळखीचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला असावा. "त्या फोटोपायी माझ्या गल्लीचा टँकर बंद झाला. ही सगळी माणसं विहिरीवर जातात. मी समाधानी नाही. सांगा त्यांना." शेवटचे शब्द मला होते.

आता परिस्थिती अशी होती. बायको काय म्हणाली ते साहेबांना आणि गल्लीला कळलं होतं, पाहुण्यांना नाही. मी काय म्हणेन ते पाहुण्यांना कळणार होतं, बाकी कुणालाच नाही. साहेबांनी मला डोळ्याने खूण केली: सांभाळून घ्या. खरं सांगतो, सांभाळून घेणं मला दोन मिनिटांचं काम होतं. वाक्यं ओठांवर होती. पण ही माझ्याकडे बघत होती. विनवून नाही, रागावूनही नाही. मी काय करणार हे आपल्याला ठाऊक आहे, अशा नजरेने बघत होती, आणि ती नजर मला सहन झाली नाही.

मी खरं सांगायला सुरुवात केली आणि लक्षात आलं, की खरं सांगायला लागणारे शब्दच मला कुणी शिकवलेले नाहीत. टँकरसाठी मी 'चाकांवरची टाकी' म्हणालो. कापून टाकला हे कात्रीची बोटं करून दाखवलं. क्रियापदं चुकली, भूतकाळाच्या जागी भविष्यकाळ आला. चिखलाला काय म्हणतात ते तर अजिबात आठवेना. शेवटी मी कल्पनेतल्या दोन बादल्या उचलल्या, चार पावलं चाललो आणि जमिनीवर फतकल मारून बसलो.

पाहुण्या बाई आधी दचकल्या आणि मग खो खो हसल्या. जिन्यातून गल्लीही हसली. मी बसल्या बसल्या उरलेलं सांगितलं, टँकर बंद झाला ते, विहिरीचं, फोडलेल्या फरशीचंसुद्धा. बाई गंभीर झाल्या, त्यांनी मान डोलावली. पण साहेब मागे उभे. त्यांना दिसलं ते बाईंचं हसणं आणि डोलावलेली मान. त्यांचा जीव भांड्यात पडला. मला हात देऊन उठवत ते कानाशी पुटपुटले, "मानलं तुम्हाला! अख्ख्या प्रकरणाचा विनोद करून टाकलात!" आणि सगळ्या गल्लीसमोर त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

त्या थापेचा आवाज जिन्यात वरपर्यंत गेला. कुणी हसेना. शिवणवाल्या वहिनींनी नुसती बायकोकडे पाहिलं आणि त्या खाली निघून गेल्या. बायकोने मान फिरवली.

निघताना पाहुण्या बाई मला म्हणाल्या, "मी पुष्कळ देश फिरले. प्रत्येक ठिकाणी मला एक आनंदी बाई दाखवतात. रागावलेली बाई आज पहिल्यांदा भेटली. तिला माझे आभार सांगा." आणि त्या गाडीत बसल्या.

"काय म्हणाल्या हो?" साहेबांनी विचारलं. चावीवाला दांडा घेऊन उठलाच होता.

"म्हणाल्या, फार बरं वाटलं. आता कुठल्याही दिवशी, कुणाला न सांगता, पुन्हा येईन. नळ स्वतः उघडून बघेन." हे मी एका दमात बोललो. मला थांबावंसुद्धा लागलं नाही.

साहेब पांढरे पडले. "चावी उघडीच राहू दे," ते चावीवाल्यावर ओरडले. "मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही!"

अशा रीतीने गल्लीत पाणी राहिलं; पण गल्लीने ते भरलं नाही. संध्याकाळ झाली तरी एक बादली खळखळली नाही. शंकासुरांचं म्हणणं पडलं, की हे पाणी फोटोतलं आहे. जो भरेल त्याचा फलक लागेल, मग जो टँकर कधीतरी चालू झाला असता तोही कायमचा जाईल. सगळ्यांनी नळ घट्ट बंद केले आणि ओट्यांवर बसून राहिले. पाणी नाही म्हणून इतकी वर्षं भांडलेली माणसं, पाणी आलं म्हणून हात बांधून बसली होती. चावीवाला बिचारा गल्लीच्या तोंडाशी पेंगत होता.

वर आमच्या गॅलरीत ही कठड्याला टेकून उभी होती. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"मी खरं सांगितलं त्यांना," मी म्हणालो.

"आणि थाप बसली ती?"

"साहेबांना वाटलं मी खोटं सांगितलं. अहवाल आला की ती थाप कुठे बसेल ते तूच बघ."

तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "मला म्हणून दाखवा. त्यांना सांगितलंत तसंच. त्यांच्याच भाषेत."

"तुला कळणार आहे का?"

"म्हणा तर."

मी म्हणू लागलो. पुन्हा चाकांवरच्या टाकीशी अडलो. पुन्हा बोटांची कात्री केली. भूतकाळ पुन्हा हातातून निसटला, कान गरम झाले, आणि चिखलाचा शब्द तेव्हाही आठवला नाही. ती एक अक्षर न कळता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबलो.

"खरं सांगितलंत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"खोटं असतं तर घडाघडा बोलला असतात."

इतका अपमान होऊन मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"आणि जाताना काय म्हणाली ती?"

खाली चावीवाला बसला होता, ओट्यावर शंकासुर कान टवकारून होते. मी आवाज चढवून म्हणालो, "आता कुठल्याही दिवशी, कुणाला न सांगता, पुन्हा येईन. नळ स्वतः उघडून बघेन."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खाली चावीवाल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "हे मात्र कुठेच अडला नाहीत."

ती कठड्यावरून वाकली.

"वहिनी! पिंपं काढा सगळ्यांनी. पाणी भरून घ्या. आज आहे, उद्याचं मी सांगत नाही. फोटो-बिटो कुणाचा लागत नाही. भरा!"

शिवणवाल्या वहिनींनी वर पाहिलं.

"कशावरून?" शंकासुरांनी विचारलं.

"मी सांगतेय ना," ती म्हणाली.

आणि शंकासुर उठले, पुढे एक शब्द न विचारता आत गेले आणि बादली घेऊन आले. मागोमाग सगळी गल्ली उठली. इतकी वर्षं जनसंपर्क केला मी. माझ्या शब्दावर कुणी रिकामी बादलीसुद्धा उचलली नव्हती.